संगमरवरी छत्री आणि इस्माईलचाचांचा खोकला

रत्नागिरीत पाश्चात्त्य संगीतातलं माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, असं एकूण मत होतं. मत माझं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि केस मानेपर्यंत वाढवले होते. (अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांना 'झावळ्या' म्हणत आणि आंघोळीच्या बंबाकडे बघत.) मुंबईचा मावसभाऊ फुटपाथवरून जुनी इंग्रजी संगीत मासिकं किलोवर घेऊन मला पाठवायचा. ती वाचून वाचून कुठल्या बँडचा नवा अल्बम कधी निघाला, त्यात बासगिटार कोणी वाजवली, वाजवताना त्याच्या अंगावर कुठला कोट होता, हे सगळं मला तोंडपाठ झालं होतं. फक्त त्यांतला एकही अल्बम मी ऐकलेला नव्हता. आमच्याकडच्या दुकानात नवं म्हणून जे येई ते भजन नाहीतर सिनेमा.

त्यातही माझा खास प्रांत म्हणजे सायकेडेलिक रॉक. आईने एकदा तांदूळ निवडता निवडता विचारलं, "म्हणजे काय असतं रे ते?"

"ते ऐकलं की डोक्यात झिणझिण्या येतात, डोळ्यांपुढे रंग दिसतात आणि आपण तरंगतोय असं वाटतं."

"त्याला पित्त म्हणतात," आई म्हणाली.

अण्णांना मी समजावलं की हे कलावंत कुठल्याही मोठ्या कंपनीचे मिंधे नसतात, आपली रेकॉर्ड आपणच काढतात. अण्णांनी वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, "म्हणजे कुठल्या कंपनीने उभं केलं नाही, असंच ना?" अशा घरात मी कला जोपासत होतो.

त्या वर्षी मासिकात 'द मार्बल अंब्रेला' नावाच्या बँडच्या नव्या अल्बमवर दोन पानं आली. (आई म्हणाली, "संगमरवराची छत्री? उघडणार कोण ती?") लिहिलं होतं की या अल्बममध्ये आवाज उलटे वाजवून भरले आहेत, मध्येच यंत्रं घरघरतात, मध्येच पक्षी ओरडतात, आणि कुठे गाणं संपतं नि कुठे सुरू होतं ते कळत नाही. हा अल्बम ऐकल्याशिवाय मरायचं नाही असं मी ठरवलं आणि गडग्यापलीकडे जुबेदाचाचीकडे गेलो.

जुबेदाचाची आमची शेजारीण. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडांचा गडगा होता आणि त्यावरून वाटीने आमटी, मासळी आणि भांडणं या तिन्ही गोष्टींची ने-आण चाले. तिचा नवरा, इस्माईलचाचा, मस्कतला एका कंपनीच्या मेसमध्ये खानसामा होता. आमच्याकडे आखातातल्या घरांना पत्रं कमीच येत. कॅसेटी येत. माणूस तिकडे टेपरेकॉर्डरपुढे बसून तासभर बोलायचा, आणि सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्या तरी हाती कॅसेट धाडायचा. इकडे बायकामुलं भोवती बसून ती ऐकायची आणि दुसऱ्या कॅसेटीत आपलं बोलणं भरून परत पाठवायची. चाचीच्या एका कॅसेटीत मी भांडण, कोंबड्यांची मोजदाद आणि प्रेशर कुकरच्या चार शिट्ट्या ऐकल्या आहेत.

तर चाचीने कॅसेट भरली तेव्हा मी मध्ये तोंड घालून चाचांना सांगितलं, "चाचा, तिकडे नवे अल्बम निघाल्याबरोबर मिळतात. मला 'द मार्बल अंब्रेला' पाठवा." स्पेलिंगसुद्धा सांगितलं.

चाचीचा निरोप माझ्यापेक्षा मोठा होता. तिला नुकतीच मुलगी झाली होती. दोन मुलग्यांनंतर मुलगी, त्यामुळे चाचांचा तिकडून आधीच हुकूम आला होता की पोरीचं नाव मी ठेवणार, माझ्या तोंडाने सांगणार, कोणी घाई करायची नाही. चाळीस दिवस भरले की त्यानंतरच्या शुक्रवारी जेवण घालून नाव जाहीर करायचं ठरलं होतं. आंजर्ल्याची नणंद मात्र आधीच येऊन बसली होती आणि रोज सांगत होती, "नाव आलं नाय तर आपल्या आईचं ठेवू. हाजरा." चाचीला ते नको होतं. सासूशी तिचं आयुष्यभर पटलं नव्हतं आणि आता त्याच नावाने दिवसातून पन्नास वेळा हाका मारायच्या, या कल्पनेने तिला घास जात नव्हता.

जेवणाच्या आधीच्या रविवारी मिरकरवाड्यातला एकजण मस्कतहून आला आणि दोन कॅसेटी देऊन गेला. एका डबीवर चाचांच्या हाताने माझं नाव लिहिलं होतं, दुसरीवर चाचीचं. मी माझी घेऊन घरात पळालो. डबी उघडली तर कॅसेटीवर काहीच छापलेलं नव्हतं. नाव नाही, चित्र नाही. कोरी करकरीत. मी गहिवरलो. खऱ्या बंडखोराला नावाची गरज नसते, हे मला तिथल्या तिथे पटलं.

आमचा टेपरेकॉर्डर अण्णांच्या नाट्यपदांवर वाढलेला. मी कॅसेट घालून बटण दाबलं आणि त्याने एक शब्द न उच्चारता ती गिळली. मी बटणं दाबली, मशीनला चापट्या मारल्या, शेवटी कॅसेट धरून ओढली. कॅसेट बाहेर आली, फीत आत राहिली. मग फीत ओढली. ती येतच राहिली. थोड्याच वेळात माजघरात तपकिरी शेवयांचा ढीग झाला आणि त्यात आईने पाय दिला.

"उचल तुझी छत्री," आई म्हणाली.

एक दीड हाताचा तुकडा इतका चुरगळला होता की तो मी कापून टाकला. उरलेली दोन टोकं आईच्या शाळेतल्या, म्हणजे ती ज्या बालवाडीत शिकवायची तिथल्या, चिकटपट्टीने जोडली आणि पेन्सिल खुपसून तासभर फीत परत गुंडाळली. गुंडाळताना ती सगळी उलट्या अंगाने बसली. टेपच्या फितीला पोट आणि पाठ असते, पाठ पुढे आली तर आवाज मागून पुढे वाजतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मासिकात नव्हतं ना ते!

आणि मग मी बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला! आधी खोल विहिरीतून यावी तशी घरघर. मग एक पुरुषी आवाज, कुठल्याच देशाची नसलेली भाषा बोलणारा. शब्द शेपटीकडून सुरू होऊन डोक्याकडे संपत होते. मध्येच श्वास आत ओढल्यासारखा एक भयंकर खोकला. वाद्य एकही नाही. गिटारसुद्धा नाही! गिटारशिवाय रॉक करणं म्हणजे केवढी छाती, असं म्हणून मी डोळे मिटले. आणि शेवटाकडे तो आवाज हळुवार झाला, सुरात आला, आणि परत परत एकच ओळ म्हणू लागला. आनाहेर... आनाहेर... आनाहेर...

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे खोटं नाही.

आई दारात येऊन उभी राहिली. "आहेर आणा म्हणतोय का रे मेला?"

"आई, ते इंग्रजी आहे. 'ऑन अ हेअर'. एका केसावर. माणसाचं सगळं आयुष्य एका केसावर लटकलंय, असं तो सांगतोय."

"मला आहेरच ऐकू येतोय. कोणाच्या तरी बारशाला बोलावतोय बिचारा."

मी तिच्या अज्ञानाला हसलो. आज आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटते.

सोमवारी सकाळी जुबेदाचाची गडग्याशी आली. तिचा चेहरा उतरला होता. हातात तिचा टेपरेकॉर्डर होता, कॅसेट आत तशीच.

"बाबा, जरा बघ हे. ह्यात ते काय बोलतच नायत. नुसती भांडी पडतात. आणि एक माणूस रडतो. ते बरे हायत ना रे?"

तिने बटण दाबलं. मशीनमधून एक किंकाळी आली, मग कोणीतरी पत्र्यावर दगड फेकल्याचा आवाज, मग घरघर, मग एक माणूस नाकातून विव्हळू लागला. मी एक मिनिट ऐकलं. तज्ज्ञाला एक मिनिट पुरतं.

"चाची, टेप खराब झाली. समुद्राची हवा लागते, मग असं होतं. चाचांनी कारखान्यातच बसून भरलेली दिसते, मागे यंत्रं चालतायत."

"ते मेसमध्ये असतात. तिथं कसला कारखाना?"

"मग मिक्सर असेल."

"आणि रडतो तो?"

"कांदा चिरत असेल कोणीतरी."

झाकण उघडून बघितलं असतं तर आतल्या कॅसेटीवर जांभळ्या रंगात उघडलेली एक छत्री छापलेली दिसली असती. (चाचीला ती दिसली होती, पण चाचा जुन्या गाण्यांच्या कॅसेटींवरही बोलणं भरून पाठवत.) पण तज्ज्ञ झाकणं उघडत नाहीत. ज्या अल्बमसाठी मी जीव टाकत होतो, तो माझ्या कानाशी एक मिनिट वाजला आणि मी त्याला मिक्सर म्हणालो.

चाची परत गेली. त्या दिवसापासून गडग्यापलीकडून दिवसातून तीन वेळा तो 'मिक्सर' ऐकू येऊ लागला, कारण त्या गोंगाटात कुठेतरी नाव सापडेल म्हणून ती कान लावून बसायची. बुधवारी तर नणंदेने जाहीर केलं की त्या रडण्यात तिला 'हाजरा' स्पष्ट ऐकू आलं. चाची आईजवळ येऊन रडली. "वहिनी, त्यांनी असं कसं केलं हो? नाव तरी नीट सांगायचं." आईने तिला चहा दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू एवढा शहाणा, बघ ना काही होतं का." मी म्हणालो, मला वेळ नाही. मला खरंच वेळ नव्हता. गुरुवारी माझा कार्यक्रम होता.

कार्यक्रम म्हणजे 'पाश्चात्त्य संगीत रसिक मंडळा'ची बैठक. मंडळाचे सभासद दोन: मी अध्यक्ष, आणि सुऱ्या, जो आईच्या हातच्या घावनांसाठी यायचा. या वेळी मात्र मी कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना बोलावलं होतं. सर एकदा मुंबईला एका इंग्रज माणसाच्या घरी राहिले होते, त्यामुळे पाश्चात्त्य गोष्टींवर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांनी मान डोलावली की कॉलेजात माझं नाव झालं, असा माझा हिशेब होता.

गुरुवारी चार वाजता सर आले. ओटीवर बसले. मी वीस मिनिटं प्रास्ताविक केलं. नंतर टेप लावली आणि मध्ये मध्ये थांबवून भाष्य करत गेलो.

"सर, ही घरघर म्हणजे आधुनिक शहर."

"अच्छा," सर म्हणाले.

"ही भाषा मुद्दाम कुठलीच नाही. भाषेचा पराभव."

"अच्छा."

"आणि हा खोकला. हा फार महत्त्वाचा आहे. एवढ्या कोलाहलात माणूस अजून जिवंत आहे, याची ही खूण."

सरांनी डोळे मिटून मान डोलावली. सुऱ्याने तिसरं घावन घेतलं. मी धन्य झालो आणि तो खोकला परत ऐकवावा म्हणून टेप जरा मागे घेतली. तेवढ्यात गडग्यावरून चाची आली. उद्याच्या जेवणासाठी मोठं पातेलं मागायला आली होती. ती ओटीच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

"हा खोकला आमच्या ह्यांचा हाय," ती म्हणाली.

मी हसलो. "चाची, हे इंग्लंडचे लोक आहेत."

"इंग्लंडचे असोत नायतर चंद्रावरचे. पंधरा वर्षं ऐकते मी तो खोकला. परत लाव."

मी सरांकडे बघितलं. सरांनी डोळे उघडले होते. मी परत लावला. चाची पायरीवर मटकन बसली आणि म्हणाली, "हेच ते. पण असे उलटे काय बोलतायत? काय झालं त्यांना?"

मग सर उठले, मशीनचं झाकण उघडलं (सरांना झाकण उघडता येत होतं), कॅसेट डोळ्यांजवळ नेली आणि शांतपणे म्हणाले, "फीत पाठीवर बसली आहे. ही गुंडाळली कोणी?"

सुऱ्याने घावनाच्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. चाचीने आपल्या थोरल्याला हाक मारली आणि तो तिची कॅसेट घेऊन धावत आला. तिच्यावरची जांभळी छत्री बघून सगळा उलगडा झाला. पुढे कळलं की तो मिरकरवाड्याचा गृहस्थ वाटेत करमत नव्हतं म्हणून दोन्ही कॅसेटी ऐकत आला होता आणि परत ठेवताना डब्यांची अदलाबदल केली होती. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने निदान दोन्ही सरळ ऐकल्या होत्या.

पुढचा एक तास आमच्या अंगणात जे चाललं, तसं काम मंडळाच्या इतिहासात झालं नव्हतं. सगळी फीत बाहेर काढून गडग्यावर सरळ पसरली. एका टोकाला सर, मध्ये सुऱ्या, दुसऱ्या टोकाला आई, आणि पेन्सिल माझ्या हातात. चाची माझ्या शेजारी उभी राहून दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "सांभाळून रे बाबा, त्यात पोरीचं नाव हाय." नणंद त्यांच्या अंगणातून बघत होती. मी पेन्सिल इतक्या वेळा उलटी फिरवत होतो की अण्णा कचेरीतून आले ते न विचारता सरळ पेन्सिल काढून घेऊन गुंडाळायला बसले.

फीत सरळ झाली. सगळे ओटीवर टेपभोवती बसले. बटण दाबलं.

"अस्सलाम वालेकुम," इस्माईलचाचांचा आवाज आला, स्वच्छ, घरातल्यासारखा. चाचीने पदर तोंडाशी धरला. "जुबेदा, मी हयसर बरा हाय. तू बरी हायस ना? मुलगे अभ्यास करतात ना?" मग खोकला. मग विचारपूस, सगळ्या आळीची, आमच्या अण्णांच्या गुडघ्याचीसुद्धा. आणि मग चाचा गंभीर झाले.

"आता नीट ऐक. पोरीचं नाव मी ठेवलंय—" टक्. "—आणि विहिरीचा पंप दुरुस्त करून घे."

सुऱ्याने चावणं थांबवलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जिथे टक् झालं होतं तिथे माझी चिकटपट्टी होती. आणि तो दीड हाताचा तुकडा?

"तू कापलेलं ते का?" आई म्हणाली. "ते मी... ते मी तोंडलीचा वेल बांधायला घेतलं."

सगळे परसात धावले. चाचीच्या लेकीचं नाव तोंडलीच्या मांडवाला सात गाठी मारून बांधलेलं होतं. चार दिवसांच्या उन्हाने त्याचा रंग उडाला होता. चाचीने एक गाठ सोडवायला घेतली आणि फीत तिच्या बोटांत दोन तुकडे होऊन आली. ती नुसती ते तुकडे तळहातावर धरून उभी राहिली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि गणितात मी दोनदा नापास झालो होतो.

नणंद गडग्यावरून म्हणाली, "जाऊ दे गो. हाजराच लिहिलेलं हाय नशिबात."

तेव्हा अण्णा बोलले. अण्णा नाट्यपदांची कॅसेट आयुष्यभर ऐकत आलेले, त्यामुळे त्यांना एक मूलभूत गोष्ट ठाऊक होती जी माझ्या मासिकांत कुठेच नव्हती. "अहो, दुसरी बाजू लावा की."

दुसऱ्या बाजूला चाचांनी आधी मुलग्यांना थोडक्यात दम दिला. नंतर थांबले. कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, जरा लाजत, ते गाऊ लागले. न बघितलेल्या लेकीला अंगाई म्हणत होते. चाल कसलीच नव्हती आणि शब्द एकच होता.

"रेहाना... गो रेहाना... रेहाना..."

चाची रडायला लागली, मग हसायला लागली, मग दोन्ही. आईसुद्धा रडली. सरांनी चष्मा पुसला. आणि मी मनातल्या मनात ते नाव शेपटीकडून म्हणून बघितलं. आ-ना-हे-र. ज्याच्यावर मी एवढं भाष्य केलं ते आयुष्य कुठल्याच केसावर लटकलेलं नव्हतं, पाळण्यात झोपलेलं होतं. सर जाताना एवढंच म्हणाले, "तुझं खोकल्याचं विवेचन मात्र बरोबर होतं."

शुक्रवारी जेवण झालं, नाव जाहीर झालं, नणंदेने दोनदा बिर्याणी घेतली. आणि जेवणं उरकल्यावर चाचांना पाठवायची नवी कॅसेट भरायला सगळे बसले. रेहाना रडली, मुलगे शाळेतल्या कविता म्हणाले, आईने अण्णांच्या गुडघ्याची हकिकत दिली. शेवटी चाचीने मशीन माझ्यापुढे ठेवलं. "तू पण बोल चार शब्द. ते वाट बघतात तुझ्या बोलण्याची."

मी माफी मागायला बसलो होतो, पण माफीला पार्श्वभूमी लागते. तेव्हा मी आधी सायकेडेलिक रॉकचा इतिहास सांगितला, मग 'मार्बल अंब्रेला'चं त्यातलं स्थान, मग उलट्या आवाजामागचं तत्त्वज्ञान, आणि बारा मिनिटांनी माफीवर येत होतो तेव्हा ती बाजू संपली.

दीड महिन्याने चाचांची कॅसेट आली. या वेळी ती चाचीच्या घरी, चाचीच्या मशीनवर, चाचीनेच लावली. मी पुढे बसून ऐकली.

"जुबेदा, सगळं ऐकलं. पोरीचं रडणं रोज ड्युटीवरून आल्यावर लावतो. आमची अख्खी खोली ऐकते. पण शेवटाला तो शेजारचा पोरगा काय बडबडला ते काय समजलं नाय. हयसर मळबारी, पठाण, मिसरी सगळे बसलेले, कोणालाच समजलं नाय. पुढच्या टायमाला तेवढ्या जागेत पण पोरीचं रडणंच भर. ते कसं, सगळ्यांना कळतं."